रोहिणी मॅडमचं मस्टर

सोमवारच्या रकान्यात उमटलेल्या अंगठ्यावर चक्र होतं आणि गुरुवारच्या रकान्यात शंख. दोन्ही अंगठे एस्तेरच्या नावापुढे होते. शाई तीच, वही तीच, दाबही जवळपास सारखाच. गुरुवारचा अंगठा मात्र दोनेक मिलिमीटर रुंद भरत होता. रोहिणी मॅडमनी आधी भिंग पुसलं, मग चष्मा पुसला, मग पुन्हा पाहिलं. चक्र ते चक्रच होतं आणि शंख तो शंखच.

माणूस तीन दिवसांत बदलू शकतो, हे मॅडमना मान्य होतं. बदल्यांच्या दिवसांत त्यांनी स्टाफरूममध्ये अशी बरीच माणसं पाहिली होती. अंगठा मात्र बदलत नाही.

चौतीस वर्षं नंदुरबारात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या बाईने डिसेंबरच्या सकाळी अंगणात खुर्ची टाकून बिगाऱ्यांचे अंगठे का तपासावेत, हे सांगायला हवं. त्याला कारण एक जिना होता. म्हणजे जिना नव्हता, आणि तेच कारण होतं.

मागच्या अंगणात खाली एक आणि वर एक अशा दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. वरची खोली दिपालीसाठी. दिपाली ही त्यांची एकुलती मुलगी, गुरांची डॉक्टर. आठ वर्षं कोकणात काढल्यावर तिची बदली अक्कलकुव्याला झाली होती आणि फेब्रुवारीत तिला हजर व्हायचं होतं. तिने फोनवर एकच अट घातली होती. "आई, वरच्या खोलीचा जिना बाहेरून असेल तर मी घरी राहते, रोज जाऊन-येऊन करते. आतून असेल तर अक्कलकुव्यालाच खोली बघते. कुणाची म्हैस कधी अडेल सांगता येत नाही. दर वेळी तुम्हाला उठवायचं, कुठे चाललीस, केव्हा येशील, काही खाल्लंस का, हे सगळं सांगून निघायचं, मला नाही जमणार आता."

मॅडमचे यजमान भटूअण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं मत त्यांनी एकदाच सांगितलं होतं आणि मग पेपर वर धरला होता. "घरनी पोर घरमाईन वर जाई. बाहेरथीन भाडेकरू जातस."

रायसिंग मिस्त्रीची टोळी खांडबाऱ्याकडची, रोज पॅसेंजरने येणारी-जाणारी. त्यातले निम्मे नाताळ करणारे आणि उरलेले त्यांच्याकडे नाताळचं जेवणारे. एकोणीस डिसेंबरपासून सगळे सुट्टीवर जाणार, ते संक्रांत झाल्यावरच येणार. म्हणजे खालच्या खोलीचा स्लॅब अठरापर्यंत पडायला हवा. सुट्टीभर त्याला पाणी मारलं की जानेवारीत वर भिंती चढतील, पत्रे पडतील आणि फेब्रुवारीत दिपाली येईल. पण जिना आतून असेल तर स्लॅबमध्ये त्याच्यापुरता चौकोन मोकळा सोडावा लागतो. बाहेरून असेल तर स्लॅब सबंध भरायचा. माणसाला नंतर विचार बदलता येतो, स्लॅबला येत नाही.

मिस्त्री रोज सकाळी डोक्याला फडकं बांधता बांधता विचारायचा, "मॅडम, जिना?"

मॅडम म्हणायच्या, "सांगते."

या प्रश्नाला उत्तर सापडत नव्हतं, तेव्हाच समोरच्या सरलाबाईंनी दुसरा एक प्रश्न आणून दिला. मॅडमना तो फार आवडला, कारण तो मोजता येत होता.

"मॅडम, तुम्हना माणसे नऊले नही, साडेनऊले उनात," सरलाबाई गेटाशी येऊन म्हणाल्या. "आनि च्या पिवाले बसनात ते उठतसच नहीत. मी सकायपाईन देखी ऱ्हायनी."

सरलाबाई सकाळपासून ओट्यावर बसून स्वतः काय करत होत्या, तो वेगळ्या अभ्यासाचा विषय. मॅडमनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, पॅसेंजर लेट होती. मॅडमनी विचारलं, किती? मिस्त्री म्हणाला, होती बरीच. "बरीच" हे एकक मॅडमनी आयुष्यभर उत्तरपत्रिकेत लाल शाईने खोडलेलं होतं.

शेजारचे भरतभाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले आणि कंपाउंडवर कोपर टेकून सल्ला देणारे. त्यांचा यंत्रांवर विश्वास होता आणि माणसांवर नव्हता. "वहिनी, अंगठानं मशीन लावा. हाफिसमा लावतस तसं. माणूस खोटं बोलस, मशीन बोलस नही."

मशीन आलं. भरतभाऊंनी स्वतः ते मागच्या दाराच्या चौकटीवर बसवलं, आणि बसवताना चौकटीचा एक टवका उडवला. दुसऱ्या दिवशी टोळी ओळीने उभी राहिली. सगळ्यांत पुढे जोएल. वीस वर्षं विटा रचणारा, टोळीतला सगळ्यांत सरळ ओळंबा धरणारा माणूस. त्याने अंगठा ठेवला. मशीनमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया पुनः प्रयास करें."

जोएलने पुन्हा ठेवला. बाईने पुन्हा तेच सांगितलं. त्याने हात पँटला पुसला, साबणाने धुतला, मॅडमनी दिलेलं लिंबू चोळलं, भरतभाऊंच्या सांगण्यावरून तेलाचं बोट लावलं. बाईचा सूर जराही बदलला नाही.

"मॅडम, ही आमच्या सासूसारखी आहे," जोएल म्हणाला. "काहीही करा, पुन्हा करायला लावते."

मॅडमनी मशीनवाल्यांच्या नंबरावर फोन लावला. तिकडच्या मुलाने विचारलं, कर्मचारी कोणत्या विभागात आहेत? मॅडमनी सांगितलं, मागच्या अंगणात. त्याने त्यांना नऊ मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग कर्मचाऱ्यांनी अंगठे स्वच्छ ठेवावेत असं सुचवलं. मॅडमनी भिंग आणून जोएलचा अंगठा पाहिला. तो स्वच्छच होता. इतका स्वच्छ, की त्यावर रेषाच नव्हत्या. चुना आणि सिमेंट यांनी वीस वर्षांत त्या सगळ्या खाऊन टाकल्या होत्या; अंगठा तापीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. मॅडमनी भिंग खाली ठेवलं. वीस वर्षं काम केल्याचा याहून चांगला पुरावा कुठल्या मस्टरात मिळाला असता, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण तो मोजता येण्यासारखा नसल्यामुळे त्यांनी तो तिथेच सोडला.

मशीन बिघडलेलं नाही हे सिद्ध करायला भटूअण्णांनी आपला अंगठा ठेवला. "धन्यवाद," बाई म्हणाली. अण्णांना ते आवडलं. दुपारी त्यांनी आणखी तीनदा ठेवला. संध्याकाळी भरतभाऊंनी अहवाल काढला, तेव्हा असं दिसलं की त्या दिवशी साइटवर एकच मजूर हजर होता. त्याने सव्वाआठ तास काम केलं होतं आणि तो पोस्टातून निवृत्त झालेला होता. त्यातले अडीच तास तो जेवून झोपला होता, याची मशीनला कल्पना नव्हती. मशीन खोटं बोलत नाही म्हणतात. पण काम केलं का, हे त्याने कुठे विचारलं होतं?

मशीन कपाटात गेलं. मॅडमनी डिसेंबरच्या एक तारखेपासून दोनशे पानी वही उघडली. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, मधे वाया गेलेला वेळ आणि शाईचा अंगठा. यावर एस्तेर पुढे आली. ही घमेली वाहणारी मुलगी दिवाळीनंतरच टोळीत आलेली, धुळीपायी डोळ्यांपर्यंत रुमाल बांधलेली.

"मॅडम, मी सही करते. मी बारावी सायन्स आहे."

मॅडमचं बोट शाईच्या डबीवरच राहिलं. "फिजिक्सला किती?"

"एकसष्ट."

एकसष्ट मार्क मिळवलेल्या मुलीला आपण अंगठा मागितला, ही गोष्ट मॅडमना दिवसभर टोचत राहिली. पण सहीची नक्कल करता येते आणि अंगठ्याची येत नाही, हे शास्त्रीय सत्य होतं. तोड म्हणून त्यांनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि स्वतःचा अंगठा उठवला. मग बाकीच्यांचे उठले. मिस्त्री आणि जोएल यांचे अंगठे वहीत नुसते काळे ठिपके होऊन बसले. रेषा दिसल्या त्या एकट्या एस्तेरच्या. सोमवारी चक्र. आणि गुरुवारी, आधी सांगितल्याप्रमाणे, शंख.

मॅडमनी वही मिटली आणि मिस्त्रीला बाजूला बोलावलं.

"रायसिंगभाऊ, काल आणि आज आलेली एस्तेर कोण आहे?"

"एस्तेर," मिस्त्री म्हणाला.

"आणि सोमवारची?"

"ती पण एस्तेर." मग मॅडमचा चेहरा बघून त्याने घमेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईला हाक मारली. "ग्रेसी, रुमाल काढ जरा."

रुमालाखालून चाळिशीची एक हसरी बाई निघाली. तिने मॅडमना नमस्कार केला.

"ही एस्तेरची भावजय," मिस्त्रीने ओळख करून दिली. "गावाकडे भात झोडायचं चाललंय. आमच्या टोळीत घराचं एक माणूस धरतात, मॅडम. एस्तेरच्या घरचं एक. कोणी यायचं ते घर ठरवतं. ज्या दिवशी जिला जमतं ती येते. काम कमी पडलं का?"

काम कमी पडलं नव्हतं. उलट बुधवारपासून घमेली जास्त भरून येत होती; मॅडमनी त्याची नोंदही केली होती आणि कारण "सराव" असं लिहिलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. काल चहाच्या वेळी त्यांनी याच बाईला ओहमचा नियम समजावून सांगितला होता, जमिनीवर काडीने आकृती काढून, पस्तीस मिनिटं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" त्यांनी ग्रेसीला विचारलं.

"तुम्ही एवढं मन लावून सांगत होत्या, बाई," ग्रेसी म्हणाली. "मी घरी जाऊन तिला सांगितलं सगळं. ती म्हणाली, बरोबर आहे."

ती पस्तीस मिनिटं वहीत मजुरांच्या नावावर "इतर बोलणं" या सदरात चढलेली होती. मॅडमनी ती खोडली नाहीत. नोंद आवडली नाही म्हणून खोडायची नाही, हे त्यांनी चौतीस वर्षं मुलांना सांगितलं होतं. त्यांनी फक्त पुढच्या पानापासून "एस्तेर"च्या जागी "एस्तेरचं घर" असं लिहिलं.

आता अंगठ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि घड्याळावरचा वाढला. वाया जाणारं प्रत्येक मिनिट त्या आता आणखी बारकाईने, कारणासकट टिपू लागल्या. गाडी, चहा, तंबाखू, इतर बोलणं. आठवडाभराने त्यांना आणखी एक सदर घालावं लागलं. टोळी हातावर हात ठेवून बसलेली असायची, आणि ते चहा, तंबाखू, गप्पा यांपैकी कशातच मोडत नव्हतं. भिंत दारापाशी येऊन थांबली होती, कारण जिना कुठून, यावर दार कुठे हे अवलंबून होतं. स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या चढल्या आणि त्याच कारणाने सळई खालीच पडून राहिली. मॅडमनी या सदराला "प्रतीक्षा" असं सभ्य नाव दिलं.

मिस्त्रीचा रोजचा प्रश्न आणि आपलं उत्तरही मॅडम वेळेसकट लिहीत होत्या. वेळ लिहायची तर पूर्णच लिहायची.

मध्यंतरी जिन्याचं उत्तर पुढे ढकलायला एक चांगलं कारण हाती आलं. बाहेरचा जिना नियमात बसतो का, हे परवानगीच्या कचेरीत विचारायला हवं होतं. मॅडम दोनदा गेल्या. दोन्ही वेळा टेबलामागची खुर्ची मोकळी, आणि हालचाल नोंदवहीत "स्थळ पाहणी" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. तिसऱ्यांदा क्लार्क भेटला, तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने नकाशा उलगडला, सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"मॅडम, यात जिनाच नाहीये."

"तो ठरायचा होता."

"मग वर कसे जाणार होतात?"

मॅडम नकाशावर गल्लीची बाजू बोटाने शोधू लागल्या.

"गल्लीच्या बाजूला जागा आहे. बाहेरून बसतो, आतूनही बसतो. तुम्ही ठरवा, काढून आणा, मी लगेच पुढे पाठवतो." आणि मग जरा संकोचून म्हणाला, "आकृती अर्धवट असेल तर मार्क नाहीत, असं तुम्हीच सांगायच्या."

अशा रीतीने ते कारणही संपलं. त्या दिवशी मिस्त्रीने विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "साहेबांशी बोलून सांगते." साहेब म्हणजे घरचे, भटूअण्णा.

सतरा तारखेला सकाळी अकराला मॅडमनी सगळ्यांना मागच्या अंगणात बसवलं. टोळी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर, भटूअण्णा खुर्चीत, भरतभाऊ कंपाउंडवर. सरलाबाई कुणी न बोलावता आत येऊन पाण्याच्या टाकीला टेकल्या. वेळ कुठे जातो ते एकदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणायचं आणि मग उरलेला दीड दिवस जोरात काम करून घ्यायचं, असा मॅडमचा बेत होता. त्यांनी आलेखाचा कागद चौकटीला चिकटवला, नेमका उडालेल्या टवक्यावर, आणि वाचायला सुरुवात केली.

"पंधरा दिवसांत गाडी उशिरा आल्याने गेलेला वेळ, तीन तास पंचवीस मिनिटं."

"ते रेल्वेला सांगा," जोएल हळूच म्हणाला.

"चहा, ठरल्यापेक्षा जास्त, चार तास दहा मिनिटं. तंबाखू, दीड तास. इतर बोलणं, पस्तीस मिनिटं." इथे ग्रेसीने खाली पाहिलं. मॅडमनी पण. "एकूण नऊ तास चाळीस मिनिटं."

"देखा!" सरलाबाई म्हणाल्या. "मी सांगं का नही?"

"आणि प्रतीक्षा," मॅडमनी पुढची ओळ वाचली, "एकोणीस तास चाळीस मिनिटं."

आकडे त्यांनी स्वतःच मांडले होते, बेरीज स्वतः दोनदा तपासली होती. पण मोठ्याने वाचेपर्यंत त्या आकड्याकडे त्यांनी आकडा म्हणूनच पाहिलं होतं. आता तो अंगणात सगळ्यांच्या मधोमध येऊन बसला.

"प्रतीक्षा म्हणजे?" मिस्त्रीने विचारलं.

"वाट पाहणं."

"कुणी कुणाची?"

मॅडमनी पान उलटलं. समोर नोंदी होत्या आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं. "नऊ डिसेंबर, नऊ वाजून बारा मिनिटं. मिस्त्रीने विचारलं, जिना? उत्तर, साहेबांना विचारून सांगते. दहा डिसेंबर, नऊ वाजून तीस. जिना? साहेबांना विचारून सांगते. अकरा डिसेंबर. कचेरीत जाऊन येते. बारा डिसेंबर. साहेबांशी बोलून सांगते..."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"मंग चोर कोन शे?" सरलाबाईंनी प्रामाणिकपणे विचारलं. त्यांना खरोखरच हिशेब लागत नव्हता.

"वहिनी, मशीन ऱ्हातं ते असं नही व्हतं," भरतभाऊ म्हणाले.

भटूअण्णा खुर्चीत पुढे सरकले. "रोहिणी, तो रकाना फाडी टाक. कोनले सांगानी गरज नही."

"तो खरा आहे."

"खरा शे ते शे. पन मला कधी इचारं तू? सहा येळा लिखेल शे, साहेबांना विचारून सांगते. मी घरमाच व्हतू."

मॅडमनी वहीकडे पाहिलं. सहा वेळा लिहिलं होतं, आणि सहांतून एकदाही त्यांनी अण्णांना विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरातून अण्णांच्या खुर्चीपर्यंत अंतर अकरा पावलं. ती अकरा पावलं मॅडम सतरा दिवसांत चालल्या नव्हत्या.

"तुमचं उत्तर मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत व्हतं ते?" अण्णांचा आवाज जरा खाली आला. टोळी आहे, शेजारी आहेत, याचं त्यांना भान राहिलं नसावं. "मी काय वंगाळ सांगं? ती बाहेरथीन ई, बाहेरथीन जाई. आपलाले समजाव बी नही, पोर घरमा शे का नही. आठ वरीस कोकनमा व्हती, तवय बी तसंच. मंग आठे गावमा येईसन काय फायदा?"

हे वाक्य मॅडमचंही होतं. आतला जिना त्यांनाही हवा होता. दिपाली उतरताना पायऱ्यांवर तिच्या चपला वाजतील, आपण आतूनच "डबा घेतलास का?" म्हणून ओरडू, हे सगळं त्यांनी मनात कधीच बांधून ठेवलं होतं, आणि अण्णांच्या नावावर टाकलं होतं. स्वतःचा नकार दुसऱ्याच्या हजेरीत लावायचा, ही युक्ती टोळीतल्या कुणाला सुचली नव्हती. आणि नकाराचा परिणाम काय, तेही त्यांना ठाऊक होतं. आतून जिना बांधला तर त्यावरून कुणीच उतरणार नव्हतं. दिपाली बोललेलं बदलत नाही. ते त्यांनीच तिला शिकवलं होतं.

गोण्यांवरची माणसं अजून बसलेलीच होती. मॅडमनी सवयीने मनगटावर पाहिलं. अकरा वाजून एकवीस. प्रतीक्षेत आणखी एकवीस मिनिटं.

एस्तेर आज स्वतः आली होती. ती रुमाल खाली ओढून म्हणाली, "मॅडम, माझी आई पण रोज विचारते, पोचलीस का, जेवलीस का. गाडीत बसले की फोन करते मी. न विचारता करते."

"तू कशाला बोलतेस?" मिस्त्री तिच्यावर खेकसला आणि मॅडमकडे वळला. त्याच्या आवाजात घाई नव्हती. "मॅडम, सळई बांधायला अर्धा दिवस लागतो. आता सांगितलं तर उद्या स्लॅब पडतो. जेवणानंतर सांगितलं तर नाही पडत. मग संक्रांतीनंतर. पोरीला सांगून टाका म्हणजे. तिला खोली बघायला बरं."

मॅडमनी वही मिटली आणि खुर्चीवर ठेवली. मग त्या अण्णांपाशी गेल्या.

"अहो, मी आज विचारते," त्या म्हणाल्या. "ती अक्कलकुव्याला राहिलेली चालेल तुम्हाला?"

अण्णांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. तो मॅडमनी मोजला नाही. अण्णांनी फळ्यांकडे पाहिलं, सळईकडे पाहिलं, गल्लीच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

मॅडमनी पदर खोचला. आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तेवढा काढला, कारण भरतभाऊंनी आणि सरलाबाईंनीही तो एकदाच ऐकावा आणि पुन्हा कुणी विचारू नये.

"रायसिंगभाऊ, चौकोन सोडू नका. स्लॅब सबंध भरा. जिना बाहेरून."